बनशंकरीपुढची आण

फुकट आलेली वस्तू मी आजही आधी उलटीपालटी करून बघते. शेजारीण वाटीभर खीर घेऊन आली तरी माझ्या तोंडून पहिला शब्द निघतो, "कशाबद्दल?" घरातले हसतात. म्हणतात, उद्या देव स्वतः प्रसाद द्यायला आला तर ही त्यालाही विचारेल, आज कसं काय येणं केलंत? हसू देत बापडे. ही खोड मला बंगळुरात जडली, आणि जडली ते बरंच झालं असं मी पुष्कळ वर्षं समजत होते.

आम्ही निपाणीकडचे. लग्न होऊन बंगळूरला आले तेव्हा मला कानडी यायचं ते बाजारातलं. नवरा विजेचे मीटर बनवणाऱ्या एका सरकारी कारखान्यात फिटर होता. मुलगी जेमतेम पाऊल टाकायला लागली होती, तेव्हा तो विषमज्वरानं गेला. कारखान्यानं त्याच्या जागी मला घेतलं, कॉइल सेक्शनमध्ये. कारखाना महादेवपुऱ्याच्या अलीकडे होता. तेव्हा तिथं नाचणीची शेतं आणि द्राक्षांचे मळे होते. आता तिथं काचेच्या इमारती आहेत असं नातू सांगतो. मी अजून बघितलेल्या नाहीत, तेव्हा खरंखोटं त्याचं त्यालाच ठाऊक.

मी राहायचे जयनगरात, एका निवृत्त वकिलांच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत. जयनगर नुकतं वसत होतं. रस्ते आखलेले, घरं विरळ, आणि कारखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. उजाडायच्या आत निघायचं, दोन बस बदलायच्या आणि दिवेलागणीला परत यायचं. दिवसभर लहान पोर त्या खोलीत कुणाच्या भरवशावर ठेवायची? म्हणून मुलगी निपाणीला माझ्या भावाकडे होती. वर्षातून दोनदा जाऊन भेटायचे. दर भेटीला ती थोडी लांब झालेली असायची, आणि मी म्हणते ते उंचीनं नव्हे. आधी धावत येऊन बिलगायची. पुढंपुढं वहिनीच्या पदराआडून बघायची. एकदा तर तिनं मला, घरात पाहुणे आले की विचारतात तसं, "पाणी आणू?" म्हणून विचारलं. वहिनी वाईट नव्हती. स्वतःची चार पोरं, त्यात माझी पाचवी. तिच्या घरात कामाला हात लावल्याशिवाय कुणापुढं ताट येत नसे, एवढंच.

कारखान्याच्या शेजारी कामगारांसाठी क्वार्टरं उठत होती. दोन खोल्या, दारात नळ, विजेचा दिवा, आणि कुंपणाच्या आतच शाळा. क्वार्टर मिळालं की मुलगी माझ्याजवळ येणार, इतका साधा हिशेब होता. नियम असा की ज्याची नोकरी जुनी त्याला आधी. नवऱ्याची वर्षं माझ्या नावाला जोडून मिळाली होती, त्यामुळे पहिल्या खेपेतच माझा नंबर लागत होता. मी मनातल्या मनात चूल कुठं मांडायची तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

आमच्या सेक्शनचे चार्जमन, म्हणजे कामावर देखरेख करणारे, बेळगावकडचे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. पांढरा कडक शर्ट, कपाळाला गंध, आवाज लोण्यासारखा. कुणाच्या सासूचं दुखणं, कुणाच्या पोराची मुंज, सगळं त्यांना पाठ. सीमेकडची आम्ही मराठी माणसं त्या वेळी थोडी बिचकूनच असायचो. प्रांतांची वाटणी होऊन थोडी वर्षं झाली होती, आणि "तुम्ही तिकडचे की इकडचे?" हा प्रश्न कुणीही कुठंही विचारायचं. अण्णा म्हणायचे, "तुमच्यामागं मी आहे, तोवर कुणाला भ्यायचं न्हाई." मला तेव्हाही वाटायचं की मागं उभा राहणारा माणूस आपल्याला दिसत नाही, त्यात त्याचीच सोय जास्त.

बाकावर माझ्या जोडीला होती अक्का. गोकाककडची, माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठी, नवरा दम्यानं घरी बसलेला, दोन मुलगे. केसाहून बारीक तांब्याची तार रिळावर गुंडाळायचं आमचं काम. जोराचा श्वास टाकला तरी तार तुटायची. तुटली की बाकी बायका तार देणाऱ्या स्टोअरवाल्याला शिव्या घालायच्या. अक्का मात्र चार्जमननं विचारायच्या आत हात वर करायची, "माझ्या हातनं तुटली." तिला खोटं बोलता यायचं नाही. एखाद्याला पोहता येत नाही, तसं. मी आधी पुष्कळ दिवस तिच्यावर नजर ठेवली. एवढं खरं बोलण्यात हिचा काय डाव असावा, ते काही कळेना.

निवडणूक तोंडावर आली तशी अण्णांची भक्ती वाढली. एका शनिवारी ते बाकाबाकापाशी येऊन म्हणाले, उद्या सगळ्या बायांना बनशंकरीच्या दर्शनाला नेणार. कारखान्याची गाडी, वर उप्पीट-कॉफी, कुणी काही द्यायचं नाही.

"कशाबद्दल?" मी अक्काला विचारलं.

"देवीला जायचं तंगी, त्यात कशाबद्दल काय?" अक्का म्हणाली. मला ती तंगी, म्हणजे धाकटी बहीण, म्हणायची.

पण माझ्या डोक्यातलं चक्र थांबेना. बनशंकरीचं देऊळ माझ्या खोलीपासून चालत जाण्याजोगं. मी मंगळवारी कधीमधी जाऊन लिंबाच्या सालीत दिवा लावून यायचे. तिथं मला न्यायला कारखान्याची गाडी शहराच्या त्या टोकावरून या टोकाला येणार? देवीला आमची एवढी आठवण कशी झाली? तरी मी गेले. न जाणाऱ्या बाईकडे सगळ्यांचं लक्ष जातं, आणि क्वार्टरची वाटणी पुढच्याच आठवड्यात होती, आमच्या सेक्शनची यादी अण्णांच्या हातची.

देवळाबाहेर झाडाखाली अण्णांनी आम्हाला थांबवलं. खिशातून एक पिवळी पुरचुंडी काढली. सौंदत्तीच्या यल्लम्माचा भंडारा, देवीची हळद. वर बेलाची पानं ठेवली. म्हणाले, "बायांनो, आधी आण, मग दर्शन. हा बेलभंडारा उचलायचा आणि म्हणायचं, आपल्या माणसालाच मत देईन." आपला माणूस म्हणजे अण्णांचा लांबचा मेहुणा, बंगळुरातून निवडणुकीला उभा होता तो. "आणि आण मोडली तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. लेकराबाळांवर येतं."

आमच्या भागात बेलभंडारा उचलणं म्हणजे काय, ते ज्याला माहीत नाही त्याला समजावून सांगता येणार नाही. कोर्टातली शपथ मोडणारी माणसं मी पाहिलीत. भंडारा उचलून शब्द फिरवलेला माणूस मी बघितला नाही. पोलिसाला चुकवता येतं, यल्लम्माला कुठं चुकवणार? अण्णांना हे ठाऊक होतं, कारण ते आमच्यातलेच. परक्या माणसाला हा फास टाकणं सुचलंच नसतं.

मला पहिल्यांदा आली ती चीड. नवरा गेल्यापासून एकाही हळदीकुंकवाला मला कुणी बोलावलं नव्हतं. संक्रांतीला बायका माझ्या दारावरून पुढं जायच्या. आणि आज मताची वेळ आली, तर माझ्या हातावर हळद ठेवायला अण्णा स्वतः पुढं सरसावले होते. "देवीपुढं सगळ्या सारख्या," ते म्हणाले. एरवी कुठं होती ही देवी?

पण चीड एकीकडे आणि भीती एकीकडे. ज्या मुलीला जवळ आणण्यासाठी मला क्वार्टर हवं होतं, तिलाच तारण ठेवायला सांगत होते. गंमत म्हणजे तोवर मी त्याच उमेदवाराला मत देणार होते. आमच्या रस्त्याला नळ त्यानंच आणला, असं म्हणायचे. पण आपण होऊन देणं वेगळं, आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून देणं वेगळं. उद्या मतदानाला जाताना बस बंद पडली, मला ताप आला, शिक्का चुकून दुसरीकडे पडला, तर? माझ्या पोरीचा जीव बंगळूरच्या बसवर टांगायचा?

पुरचुंडी माझ्यापुढं आली तेव्हा मी दोन पावलं मागं सरले. "अण्णा, मला आज चालत न्हाई."

"मग गाडीत कशाला बसलीस?"

"गाडीत बसले तेव्हा चालत होतं."

त्या काळी या वाक्यापुढं चार्जमन असो की मंत्री, कुठलाही पुरुष पुढचा प्रश्न विचारत नसे. अण्णांनी पुरचुंडी अशी मागं ओढली की जणू मी ती विटाळलीच. मला चपलांजवळ बसायला सांगितलं. मी बसले. अक्कानं माझ्याकडे एकदा वळून बघितलं. आदल्याच आठवड्यात माझ्या पोटदुखीवर तिनं घरून ओव्याचा काढा करून आणला होता. एका बाकावर बसणाऱ्या बायकांना एकमेकींचे दिवस माहीत असतात. तिला कळलं, हे मला कळलं. मग तिनं दोन्ही हातांनी भंडारा उचलला, कपाळाला लावला, आणि स्पष्ट आवाजात आण घेतली.

सोमवारी अण्णा बाकापाशी आले. आवाजात लोणी नव्हतं. "देवीच्या दारात खोटं बोललीस. मला सगळं कळतं." मग जरा वाकून हळू म्हणाले, "या खेपेला दर उमेदवाराच्या पेट्या वेगळ्या न्हाईत. चिठ्ठीवर शिक्का मारायचाय, आणि चिठ्ठीवर नंबर असतो. कुणी कुठं मारला, ते आमाला बसल्या जागी कळतं. क्वार्टर आपल्या माणसांसाठी हाय. तू कोण, ते तूच ठरव."

ते गेल्यावर मी अक्काकडे वळले. "तूच सांगितलंस."

"हो, मीच," ती म्हणाली. तार गुंडाळायची थांबलीसुद्धा नाही. "त्यांनी विचारलं, तिला खरंच चालत नव्हतं का? मी काय सांगू?"

"माहीत नाही म्हणायचं!"

"माहीत होतं की."

मी तिच्याशी बोलणं टाकलं. दिवसभर दोन फुटांवर बसायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, हे लिहायला सोपं आहे. त्याच आठवड्यात किल्ल्या वाटल्या. यादीत माझ्या मागं असलेल्या, भंडारा उचललेल्या तिघीचौघींना क्वार्टरं मिळाली. त्यांत अक्काही होती. माझा नंबर पुढच्या इमारतीला, असं सांगण्यात आलं. ती इमारत कुठं होती, तर तिचा अजून पायासुद्धा खणला नव्हता. त्या दिवशी बसमध्ये मी तोंडात पदर कोंबून रडले. निपाणीला मी कळवून बसले होते की उन्हाळ्यात मुलीला घेऊन या.

घरमालक वकील अंगणात तुळशीला पाणी घालत होते. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, आणि मीही, कशी कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. म्हातारा ऐकून घेत होता. मग म्हणाला, "चिठ्ठीच्या नंबराचं भय बाळगू नका. ते कागद मोहोरबंद होतात, तुमच्या चार्जमनच्या बापालाही बघता येत नाहीत. आणि दुसरं ऐका बाई. देवाचा कोप होईल अशी भीती घालून मत मागणं, हाच मुळी कायद्यानं गुन्हा आहे. मताच्या बदली सरकारी घर देणं किंवा नाकारणं, हाही."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्या कुणा माणसाला आमचा भंडारा माहीत होता? मला तर ते खरंच वाटेना. कायदा माझ्या बाजूनं बोलतोय म्हणजे नक्की कुठंतरी मेख असणार.

"अर्ज लिहून देतो, सही करा," वकील म्हणाले.

"कशाबद्दल?"

"म्हणजे?"

"तुम्ही कशाबद्दल लिहून देताय?"

ते खो खो हसले. "सरी, बरोबर विचारलंत! खरं सांगू? तुम्ही क्वार्टरात गेलात की ही खोली रिकामी होते. इथं रोज नवे सरकारी नोकर घरं शोधत फिरतायत. मला दीडपट भाडं येईल."

तेव्हा माझा त्यांच्यावर विश्वास बसला, आणि मी सही केली. फक्त अर्ज आताच पाठवायचा नाही, मतमोजणी होऊ द्या, असं त्यांनी बजावलं. ते का, ते मला पुढं कळलं.

मत द्यायला मी गेले. शाळेच्या खोलीत गोणपाटाचा आडोसा केला होता. आत एक टेबल आणि फुलीचा शिक्का. एरवी आयुष्यात मी कधी एकटी नसायचे. खोलीत पातळ भिंतीपलीकडे मालक, बसमध्ये गर्दी, बाकावर अक्का. त्या गोणपाटामागं मात्र मी अगदी एकटी होते, आणि मला फार बरं वाटलं. शिक्का कुणाला मारला, ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही आणि आताही सांगणार नाही. विचारू नका.

उमेदवार पडला. लगेच वकिलांनी अर्ज धाडला, आणि मोठ्या कचेरीतून एक साहेब चौकशीला आले. मेहुणा निवडून आला असता, तर माझा अर्ज कुठल्या कपाटात जाऊन पडला असता, हे मला कुणी सांगायची गरज नाही. कायदा होताच. पण मेहुणा पडेपर्यंत तो कुणाला दिसत नव्हता.

कँटीनच्या बाजूच्या खोलीत चौकशी झाली. तक्रार माझी, म्हणून मला आत बसवलं होतं. समोर अण्णा, हातांची घडी घालून. एकेक बाई आत यायची, अण्णांकडे बघायची, आणि सांगायची, देवदर्शनाला गेलो होतो, उप्पीट चांगलं होतं. भंडारा? कसला भंडारा? आण मत देण्यापुरतीच होती, पण त्या जपून पाऊल टाकत होत्या. अण्णांच्या हाती अजून रजा होत्या, ओव्हरटाइम होता, आणि या बायांच्या नव्या घरांच्या किल्ल्याही होत्या. मला त्यांचा राग आला नाही. मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, ते कुणाला ठाऊक?

शेवटी अक्का आली. मला वाटलं, झालं. हिनंच मला अण्णांच्या तोंडी दिलं, हिच्याच घरात माझा नळ, माझा दिवा. साहेबांनी विचारलं, आणि तिनं कानडीत सगळं सांगितलं, जसंच्या तसं. झाड कुठलं, पुरचुंडी कुठल्या रंगाची, अण्णा काय म्हणाले, तिनं काय म्हटलं. आण घेतली, मत त्यांनाच दिलं, आठवड्यात किल्ली मिळाली. "या बाईचा नंबर माझ्या आधी होता," हेसुद्धा तिनं न विचारताच सांगितलं.

अण्णा उठून उभे राहिले. "अक्का! देवीची आण मोडतेस?"

अक्का त्यांच्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. "मोडली कुठं अण्णा? मत द्यायची आण होती, ते दिलं. गप्प बसायची आण तुम्ही कुठं घ्यायला लावलीत?"

साहेब खाली बघून लिहीत राहिले. अण्णांनी आयुष्यभर माणसं ओळखण्याचा धंदा केला होता, पण शब्द पाळणाऱ्या बाईकडून आण घेताना ती शब्दन् शब्द पाळेल, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मी तिला गाठलं. किती दिवसांनी तिच्याशी बोलत होते. "तुझं क्वार्टर जाईल, कळतंय का?"

"कळतंय."

"मग कशाबद्दल केलंस हे? माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी कशाला?" ती म्हणाली. "साहेबांनी विचारलं."

अण्णांची बदली झाली, दुसऱ्या गावच्या गोदामावर. त्याहून जास्त काही झालं नाही. घरांची वाटणी नंबराप्रमाणे पुन्हा झाली, आणि अक्काचंच क्वार्टर माझ्या वाट्याला आलं. ती दम्याच्या नवऱ्याला घेऊन पुन्हा एका किराणा दुकानामागच्या खोलीत गेली. तिचा नंबर लागायला पुढं बरीच वर्षं गेली.

ती सामान हलवत होती त्या दिवशी मी दारात उभी होते. ढकलगाडीवर गादी, डबे, देव. तिनं किल्ली माझ्या हातात दिली.

"मी तुझं घर मागितलं नव्हतं अक्का," मी म्हणाले. माझा आवाज भांडल्यासारखा लागला.

"माझं नव्हतंच तंगी. तुझं होतं, मी स्वल्प दिवस राहून घेतलं." कोपऱ्यात तिनं आपली केरसुणी तशीच ठेवली होती. घराची लक्ष्मी घरात राहावी म्हणून मागं ठेवतात, असं तिनं सांगितलं. मला तिचा राग येत होता आणि तिच्या पायाही पडावंसं वाटत होतं. दोन्हीपैकी मी काहीच केलं नाही. ढकलगाडी वळणाआड गेली, तरी मी विचारच करत होते की केरसुणी ठेवण्यात आणखी काही हेतू तर नसेल ना.

पुढच्याच महिन्यात भाऊ मुलीला घेऊन आला. ती आता शाळेत जाण्याएवढी झाली होती, दोन घट्ट वेण्या, पायात भावाच्या मुलाच्या चपला. भाऊ दुपारच्या गाडीनं परतला. तो गेल्यावर घरात आम्ही दोघीच राहिलो. मी तिला नळ सोडून दाखवला, दिव्याचं बटण दाबायला दिलं. तिनं ते एकदा दाबलं, आणि पुन्हा दाबायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मी हसून हो म्हटलं, तरी तिनं पुन्हा दाबलं नाही.

मग मी तिच्यासाठी ताट वाढलं. गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि वर शिरा, केळं घालून केलेला. इतकी वर्षं मी त्या ताटाची वाट बघत होते. पाट मांडला आणि म्हटलं, "बस, जेव."

ती बसली नाही. ताटाकडे बघत उभी राहिली. अगदी सरळ, भांडण नाही, रुसवा नाही, बाजारात भाव विचारावा तसं तिनं विचारलं, "आई, याच्याबद्दल काय करायला लागंल?"

इतकी वर्षं अभिमानानं मिरवलेली माझी खोड, ती त्या एवढ्याशा तोंडातून मला ऐकू येत होती. मी खाली बसले, तिला जवळ ओढलं आणि सांगितलं की काही करायला लागणार नाही, हे घर आपलं आहे, हे जेवण तुझं आहे, कशाबद्दल नाही. कायद्यानं आपल्याला मिळालंय, असंही काहीतरी बोलले. सहा-सात वर्षांच्या पोरीला कायदा काय कळणार?

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. माझ्या हातातून हळूच हात सोडवून घेतला. मग कोपऱ्यातली अक्काची केरसुणी उचलली, दोन्ही खोल्या झाडून काढल्या, केर सुपलीत भरून बाहेर टाकला, हात धुतले, आणि तेव्हा कुठं जेवायला बसली.